महामार्ग टाळा

जळगावहून धुळ्याला जायचा रस्ता पारोळ्यावरून जातो, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आमच्या घरात मात्र तो अमळनेरवरून जायचा. पाळधीला महामार्ग सोडायचा आणि धरणगाव, अमळनेर करत, खड्डे मोजत, कंबरेचे हाल करून घेत धुळ्याला टेकायचं. शाळेत भूगोलाच्या तासाला मी एकदा हाच रस्ता सांगितला, तर सर माझ्याकडे बघतच राहिले. घरी येऊन आबांना विचारलं. ते म्हणाले, सर पुस्तकातला रस्ता सांगतात, आपण जाण्यायेण्याचा सांगतो.

आबा म्हणजे माझे वडील. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. उभी हयात लोकांच्या बांधावर साखळी टाकून कुणाचं किती आत आणि कुणाचं किती बाहेर, हे वीतभरही न चुकता सांगणारा हा माणूस स्वतःच्या घरात नकाशाबद्दल धडधडीत खोटं बोलत होता, आणि आम्ही मुकाट ऐकून घेत होतो.

कारण पारोळ्याच्या पुढे, महामार्गाला खेटून, माझ्या आत्याचं घर आहे. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. घराचा ओटा असा रस्त्यावर आलेला, की धुळ्याच्या एसटीत खिडकीशी कोण बसलंय तेही तिला तिथून दिसायचं. आणि आमच्याकडे बहिणीच्या दारावरून न थांबता कुणी जात नाही. घाई असो, सोबत पाहुणे असोत, गाडीत कुणी कण्हत असो, अर्धा कप चहा घ्यायचा, बरं आहे ना म्हणायचं आणि मग पुढे जायचं. तुम्ही बहिणीला शिव्या देऊ शकता, जमिनीवरून कोर्टात खेचू शकता, पण दारावरून सरळ निघून जाऊ शकत नाही.

आबा एकदा गेले. मी तेव्हा चौथीत होतो. मोजणीच्या कामाला धुळ्याकडे जाणार होते, म्हणून त्यांनी आधी निरोप पाठवला की वाटेत येतो. आत्यानं सकाळपासून खापरावर मांडे केले आणि ओट्यावर येऊन उभी राहिली. आबा आले, पण ऑफिसच्या जीपमध्ये, साहेबांच्या मागच्या सीटवर. साहेबांना घाई होती. 'साहेब, दोन मिनिटं थांबा, बहिणीचं घर आहे,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते आबांच्या तोंडून निघालं नाही. आत्यानं हात हलवला. जीप गेली. चार दिवसांनी गावच्या एका माणसाबरोबर आत्याचा निरोप आला, "रस्ता मोठा व्हयना, बहीण ल्हानी व्हयनी."

आबांना लाज वाटली असणार. पण लाज वाटली की आमच्या घरात चिडायची पद्धत आहे. चारचौघांत बोलायची काय गरज होती, म्हणून तेच उलटे रुसले, आणि आमचा धुळ्याचा रस्ता अमळनेरवरून जायला लागला. पुढची पंचवीसेक वर्षं तो तसाच जात राहिला. लग्नकार्यात बहीणभाऊ समोरासमोर आले, तर एक मांडवाच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला. आत्याच्या घरचं लग्न असलं की आबांना नेमका ताप यायचा.

मग एका दिवाळीत आत्याच्या मुलाचा फोन आला. आत्याला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही आणि राहिलेली किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता फक्त समोरचं थोडंसं दिसतं, म्हणाला. आणि मग म्हणाला, की ती बोलून दाखवत नाही, पण मामाचं तोंड तिला एकदा बघायचंय. मी फोन ठेवला आणि आबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, चिवड्याची ताटली बाजूला सारली आणि बाहेर जाऊन बागेला पाणी घालत बसले. त्याच दिवशी सकाळी बागेला पाणी घालून झालं होतं.

इथे कुणी सरळ माणूस असता तर त्यानं वडिलांना गाडीत बसवलं असतं आणि पारोळ्याच्या पुढे नेऊन उतरवलं असतं. मी तसा नाही. मी आबांचाच मुलगा. मोठ्यांना तोंडावर काही सांगायचं म्हटलं की मी विषय बदलतो. माझी बायको बोदवडची, स्पष्ट बोलणारी, पण सासऱ्यांना 'तुम्ही चुकलात' म्हणणं तिलाही जड जात होतं. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक शक्कल काढली. त्या वर्षी मी नवी गाडी घेतली होती, आणि मोबाइलमध्ये नकाशे यायच्या आधी काचेला चिकटवायचं रस्ता सांगणारं एक डबडं बाजारात आलं होतं. ते घ्यायचं. धुळ्याला निघायचं. यंत्र आपोआप पारोळ्यावरून नेणार. आपल्याला काही बोलायलाच नको. आकाशातल्या उपग्रहापुढे आबा काय बोलणार? आमच्या घरात सुनेनं आणि मुलानं जे सांगायचं, ते सांगायला आम्ही थेट अंतराळातून माणूस बोलावत होतो.

आबांना म्हटलं, कामासाठी खेड्यापाड्यांत फिरावं लागतं, वाट चुकते, म्हणून हे घेतोय. वाटलं होतं ते हुज्जत घालतील. पण ते लगेच तयार झाले आणि म्हणाले, नकाशाचं काम आहे, मीही दुकानात येतो. आम्ही तिघांनी परवा जायचं ठरवलं. ते इतक्या सहज तयार झाले तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुकान गाडीच्या सामानाचं होतं. सीट कव्हरं, भोंगे, काचेवर लावायचे देव आणि आता ही यंत्रं. शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या जळगावात काढलेले. मराठी आमच्यापेक्षा गोड बोलायचे. त्यांनी काउंटरवर चार यंत्रं मांडली. एकाचा पडदा मोठा, एकात गाणी वाजायची, एक इतकं बारीक की आबांनी ते चष्मा काढून, परत लावून बघितलं. चौथ्यात विशेष काहीच नव्हतं. मी बॅटरी किती चालते वगैरे विचारत होतो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काहीच विचारलं नाही तर शेठ काय म्हणतील, म्हणून विचारत होतो.

मग परीक्षा सुरू झाली. तिथे असोद्याचे एक केळीवाले शेतकरी सीट कव्हर घ्यायला आले होते. त्यांनी कव्हर बाजूला ठेवलं आणि आमच्यात सामील झाले. म्हणाले, याला असोदा विचारा. यंत्रानं असोदा दाखवलं. मग म्हणाले, आता माझा मळा विचारा. मळा काही त्याला सापडेना. त्यांनी यंत्राकडे असं बघितलं जसं गावात नव्यानं आलेल्या तलाठ्याकडे बघतात, आणि परत कव्हर निवडायला गेले. मी नशिराबाद विचारलं, बायकोनं माहेर म्हणून बोदवड विचारलं. यंत्रं सगळं बरोबर सांगत होती आणि आम्ही खूश होत होतो. ज्या रस्त्यानं आम्ही शंभर वेळा गेलोय आणि झोपेतही चुकणार नाही, तेवढेच रस्ते आम्ही त्याला विचारत होतो. जो रस्ता आपल्याला ठाऊक नाही, तो विचारून बघावा असं काउंटरभोवतीच्या एकाही माणसाला सुचलं नाही.

शेवटी बायकोनं मला कोपर मारलं आणि मी शक्य तितक्या निष्पाप आवाजात म्हणालो, "धुळे टाकून बघा हो."

पहिलं यंत्र म्हणालं, एरंडोल, पारोळा, धुळे. आबांनी हाताची घडी घातली. चूक, म्हणाले. दुसरं म्हणालं पारोळा. हेही चूक. तिसऱ्यानंही पारोळा म्हटल्यावर आबांनी शेठना अर्धा तास भाषण दिलं. नकाशा आणि जमीन यांत फरक असतो, नकाशा काढणारा साहेब खुर्चीवर बसलेला असतो, त्यानं कधी साखळी धरलेली नसते, असं बरंच काही. शेठ मान डोलावत होते. गिऱ्हाइकाचं म्हणणं तेच आपलं म्हणणं, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं कलम होतं. मग त्यांनी चौथं यंत्र पुढे केलं, ते विशेष काही नसलेलं. त्यात धुळे टाकलं. यंत्रानं जरा विचार केला, पाळधीपर्यंत नाइलाजानं महामार्गानं नेलं आणि तिथून धरणगाव, अमळनेर करत निळी रेघ धुळ्यापर्यंत ओढली.

"हे बरोबर," आबा म्हणाले. "हेच द्या."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या बाजूनं क्षीण आवाजात दोन शब्द बोललो. आबा म्हणाले, गाणी ऐकायला रेडिओ आहे. शेठनी खोकं बांधलं, वर काच पुसायचा एक रुमाल फुकट दिला, आणि चार यंत्रांतलं नेमकं चुकीचं यंत्र पारखून घेऊन आम्ही घरी आलो. दारात आबांनी त्यावर कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला.

पुढचे काही महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे होते. धुळ्याला तीन वेळा जाणं झालं, आबा तीनही वेळा सोबत आले आणि तीनही वेळा अमळनेर. यंत्रातली बाई हिंदीत सांगायची, पाचशे मीटर पर दाएँ मुड़ें, आणि पाळधीला गाडी वळली की आबा सीटवर सैलावून बसायचे. आलेल्यागेलेल्याला सांगायचे, उपग्रहसुद्धा हाच रस्ता सांगतो. पंचवीस वर्षं ते एकटे खोटं बोलत होते. आता त्यांना साक्षीदार मिळाला होता, आणि तो मी माझ्या खिशातून आणून दिला होता. मधेच आत्याच्या मुलाचा फोन येऊन गेला. डावा डोळा पूर्ण गेला, उजव्यानं फक्त उजेड कळतो. येतो, येतो, असं मी त्याला म्हणालो. मी एकटाही जाऊन येऊ शकलो असतो. नाही गेलो. आबांना न घेता गेलो तर आत्याला वाईट वाटेल, असं कारण मी स्वतःला दिलं होतं. भित्र्या माणसाला कारणांची ददात नसते.

मग एका रविवारी गाडी धुताना मी यंत्र हातात घेऊन उगाच बटणं दाबत बसलो. आत, तीन पायऱ्या उतरून, एक यादी होती. टोल टाळा. कच्चे रस्ते टाळा. महामार्ग टाळा. या तिसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण केलेली होती.

मी शेठना फोन केला आणि जरा आवाज चढवूनच विचारलं की खूण लावलेलं यंत्र आम्हाला कसं विकलंत. शेठ शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुमचे आबा आदल्या दिवशी दुकानात येऊन गेले होते. दोन तास बसले, सगळं समजून घेतलं, आणि ती खूण स्वतःच्या हातानं लावून गेले. मला म्हणाले, उद्या हे यंत्र सगळ्यात शेवटी दाखवा."

मी ओला फडका हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आम्ही आबांना उल्लू बनवायला निघालो होतो आणि आबा आमच्या एक दिवस आधी दुकानात जाऊन आले होते. मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला. बहिणीचे डोळे जात असताना हा माणूस तीन पायऱ्या उतरून खूण करायला शिकला, पण तिच्या ओट्याची एक पायरी त्याला चढता येत नव्हती. आणि ज्यानं त्याला हे तोंडावर विचारायचं, तो मी, फडका घेऊन उभा होतो. तेव्हाही मी आबांना काही बोललो नाही. गुपचूप ती खूण काढून टाकली. आमच्या घराण्याला बोलण्यापेक्षा बटण सोपं पडतं.

होळीनंतर बायकोच्या नात्यात धुळ्याला साखरपुडा होता. सकाळी निघालो. आबा पुढे माझ्या शेजारी, बायको मागे. पाळधी आलं. यंत्रातली बाई म्हणाली, सीधे जाएँ. आबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिलो. पाळधी गेलं, तरी ते काही बोलले नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. एरंडोल गेलं. पारोळा गेलं. पारोळ्याच्या पुढे त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली, परत काढली.

मला वाटत होतं आता ते म्हणतील, थांब. त्यांना वाटत असणार की मी आपोआप थांबेन, कारण मीच तर त्यांना आणलं होतं. यंत्र म्हणत होतं, सीधे जाएँ. बहिणीच्या दारात थांबायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. रस्ता तेव्हा चौपदरी झालेला नव्हता, आणि मागे एक ट्रक भोंगा वाजवत लागला होता. घर आलं. डाव्या हाताला, आबांच्या खिडकीच्या बाजूला, ओट्यावर हिरव्या लुगड्यातली म्हातारी रस्त्याकडे तोंड करून बसली होती. आबांनी मान वळवली. माझा पाय ब्रेकवर गेला, ट्रकनं पुन्हा भोंगा वाजवला, आबा काही बोलले नाहीत, आणि मी गाडी तशीच पुढे नेली.

म्हणजे दुसऱ्यांदा. फरक इतकाच, की या वेळी साहेबांच्या जागी मी होतो.

मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "दोघंही सारखेच." आवाज चढवून नाही, अगदी साध्या सुरात म्हणाली. माझे कान तापले. गाडी तीन-चार किलोमीटर पुढे गेली.

"थांब," आबा म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. ते समोरच बघत होते.

"वळव," म्हणाले. "साहेबाला म्हणायचं राहिलं होतं."

मी गाडी वळवली. यंत्रातल्या बाईला ते मुळीच पटलं नाही. ती लगेच म्हणाली, जब संभव हो, यू-टर्न लें, आणि मग दर थोड्या वेळानं तेच म्हणत राहिली. तिला गप्प करायचं मला सुचलं नाही. घरासमोर गाडी लावली, दारं उघडी टाकली आणि आम्ही उतरलो.

आत्याचं तोंड आमच्याकडे होतं, पण जरासं बाजूला, आवाज आला होता तिकडे. "कोन शे?" तिनं विचारलं. आबांनी चपला काढल्या, पायरी चढले आणि तिच्याशेजारी खाली बसले. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी शे, अक्का." आत्यानं हात पुढे केला आणि त्यांच्या तोंडावरून फिरवला. कपाळ, नाक, मिशा. मिशांवर हात थांबला.

"रस्ता सापडना का रे तुले?"

गाडीतून आवाज आला, जब संभव हो, यू-टर्न लें. आत्यानं कान टवकारले. गाडीत एक बाई बसलीय आणि तिला कुणी घरात बोलावलेलं नाही, हे तिला भावाच्या पंचवीस वर्षांपेक्षाही जास्त लागलं.

"गाडीमा कोन बाई बोली ऱ्हायनी? तिले बाहेर कसाले बठाडी ठेवं? बलाव तिले मझार."

मला हसू फुटलं आणि ते मधेच कुठेतरी अडकलं. आबा उठले. गाडीशी गेले, काचेवरून ते यंत्र ओढून काढलं, आणलं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. रस्ता सांगणारी बाई ती हीच, म्हणाले. आत्यानं ते चाचपून बघितलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाली की मग हिलाच चहा द्यायला पाहिजे, हिनं तुला आणलं.

"इले काही माहीत नही, अक्का," आबा म्हणाले. "वाट माले माहीत व्हती."

आत्यानं यंत्र ओट्यावर बाजूला सारलं. सुनेला चहा टाकायला सांगितला. मग पुन्हा भावाचा हात शोधून हातात घेतला आणि म्हणाली, "आते तूच सांग, कसा दिखस तू?"

आबा रडायला लागले. "म्हतारा व्हई गऊ, अक्का," म्हणाले.

दिवाळीत आलो असतो, तर हे तिला सांगावं लागलं नसतं.